परातीएवढा चंद्र, सुपारीएवढा मोदक

श्रोतेहो, आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. चतुर्थीचा चंद्र झाडांआडून वर येतो तेव्हा परातीएवढा दिसतो. तोच चंद्र आभाळात चढला की वाटीएवढा दिसतो. मधल्या वेळात त्याचे काय होते? तो झिजतो? दूर जातो? की त्याला कुणी खातो?

उत्तराची घाई नको. या प्रश्नावर विद्वानही अडखळलेले आहेत. पण एका माणसाने याचे उत्तर एकदा ऐकले, मनात जपून ठेवले, आणि जिथे नको तिथे वापरले. त्याची ही गोष्ट.

एका गावात एक भोळा गडी होता. त्याचे नाव गोंदू. अंगाने धिप्पाड, मनाने निर्मळ आणि बुद्धीने सरळ. इतका सरळ, की सांगितलेला शब्द कानातून आत शिरला की वाटेत कुठेही न थांबता थेट हातापायांत उतरे. "आता झोप" म्हटले की तो उभा असेल तिथे आडवा होई. एकदा कुणी त्याला "जरा थांब, आलोच" म्हणून गेला आणि परत यायला विसरला. तिन्हीसांजेला आईने त्याला भर रस्त्यातून हाताला धरून घरी नेले.

आईचे नाव सगुणा. गोंदू लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा तिने गणपतीला नवस केला होता. पोर वाचले. तेव्हापासून ती दर संकष्टीला निर्जळी उपास करी. दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे. घरात गोडधोड कधी नसेच. चंद्र पाहून देवळातला एक मोदक हाती येई, तोच तिचा उपास सोडण्याचा घास.

ते देऊळ गावाच्या उगवतीला होते, माळाच्या कडेला. फार पूर्वी एका सज्जनाने ते बांधले आणि एक नेम घालून दिला. गावातल्या प्रत्येक गुऱ्हाळातून निघणारी पहिली गुळाची ढेप देवाची. तिच्यावर शेंदराचे बोट ओढायचे, म्हणजे चुकून कुणी ती बाजारात नेऊ नये. त्या गुळाचे आणि देवळाच्या शेतातल्या गव्हाचे मोदक करायचे आणि संकष्टीला चंद्रोदयानंतर उपास करणाऱ्या प्रत्येकाला एक द्यायचा. मोदकाचे मापही त्या सज्जनाने सांगून ठेवले होते. मूठ मिटली तरी मोदक बाहेर दिसला पाहिजे.

पुढे देवळाचा कारभार दिगंबरपंतांकडे आला. ढेपा पूर्वीइतक्याच येत राहिल्या. मोदक मात्र हळूहळू, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा, लहान होत गेला. आता मूठ मिटली की आत मोदक आहे की नाही, हे विचारावे लागे. उरलेला गूळ कुठे जातो, हे देवाला ठाऊक होते आणि पंतांच्या घरामागच्या कोठीला.

पंत स्वतःही उपास करीत. फक्त उपाशी राहत नसत.

गोंदू याच पंतांच्या घरी कामाला होता.

एका संकष्टीला पंतांनी त्याला देवळाच्या ओट्यावर उभे केले.

"गोंद्या, चंद्र दिसला की ओरड. नुसता ओरडू नको. केवढा दिसतो तेही सांग. नाहीतर ढगाआडचा तुकडा बघून गाव जेवायला बसेल."

"बरं, पंत."

माळापलीकडे गुऱ्हाळाच्या झोपड्या होत्या. त्यांच्यामागून चंद्र वर आला. तांबूस, भला थोरला, जणू झोपड्यांच्या छपरांवर टेकलेला.

"परातीएवढा!" गोंदू ओरडला. "पंत, परातीएवढा आलाय!"

सर्वांनी हात जोडले. अर्घ्य झाले, आरती झाली. पंतांना मोठ्या आवाजात म्हणायची हौस होती, त्यामुळे आरती लांबली. मोदक वाटायची वेळ आली तेव्हा चंद्र बराच वर चढला होता. गोंदूने वर पाहिले आणि तो घाबरून म्हणाला, "पंत, चंद्र कुणी खाल्ला?"

लोक हसले.

"हसता काय? आत्ता परातीएवढा होता. आता वाटीएवढा उरलाय. एका कडेनं चावलाय पण!"

ओळीत ठकूबाई नावाची म्हातारी बसली होती. तिची जीभ वयाबरोबर धारदार झाली होती. हातातला मोदक दिव्यासमोर धरून ती म्हणाली, "चंद्राचं जाऊ दे, लेकरा. हा मोदक कुणी खाल्ला ते इचार तुझ्या पंतांना. माझं लगीन झालं तवा दोन हातांत धरावा लागायचा. आता नखाखाली दडतोय."

हसणे थांबले. सगळे पंतांकडे पाहू लागले. सगुणेने आपल्या मोदकाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

पंत डगमगले नाहीत. तालुक्याच्या गावी त्यांनी एका शास्त्रीबुवांचे व्याख्यान ऐकले होते. ते त्यांना आत्ता उपयोगी पडले.

"अज्ञान! निव्वळ अज्ञान!" पंत म्हणाले. "शास्त्रीबुवांनीच सांगितलंय, गोंद्या, चंद्र लहान झालेलाच नाही. तो तेवढाच आहे. खाली असतो तेव्हा त्याच्या शेजारी झोपड्या असतात, झुडपं असतात. लहानांच्या शेजारी तो मोठा दिसतो. वर गेला की शेजारी कुणी नाही, नुसतं मोकळं आभाळ. त्या एवढ्या मोठ्या आभाळात तो लहान दिसतो. हा डोळ्यांचा भास आहे."

"आन् मोदक?" ठकूबाईने विचारले.

"मोदकाचंही तेच. मोदक तेवढाच आहे. आपली परात मोठी आहे, म्हणून तो लहान दिसतो."

शास्त्रीबुवांचे नाव मध्ये आल्यावर कोण बोलणार? माणसे आपापला मोदक एका घासात संपवून घरी गेली.

गोंदूला मात्र फार आनंद झाला. चंद्र कुणी खाल्ला नव्हता. लहानांत ठेवले की मोठे दिसते, मोकळ्यावर ठेवले की लहान दिसते. गोंदूने ते ध्यानात ठेवले. ध्यानात ठेवण्यात तो कधी चुकत नसे. चुके ते पुढचे.

घरी आई दोन तांबे पाणी प्यायली आणि पोटाला पदर घट्ट बांधून निजली.

"आई, भूक लागली का गं अजून?"

"लागली रे, बाळा."

"लागली नाही. घर मोठं आहे म्हणून तसं वाटतं."

सगुणेने अंधारात त्या एवढ्याशा खोपटाकडे पाहिले.

पुढे एकादशी आली. पंतांचा उपास होता, म्हणजे स्वयंपाकघराला दुपारपर्यंत उसंत नव्हती. पंतांच्या बायकोने, काकूंनी, खिचडीचे पातेले गोंदूच्या हाती दिले आणि वाढायला पाठवले.

"गोंद्या," पंत पाटावर बसत म्हणाले, "हात आखडू नको. चांगली ढीगभर दिसली पाहिजे."

गोंदू आत गेला. देवघरातली एक पणती धुऊन आणली. तिच्यात चमचाभर खिचडी घातली आणि पंतांच्या पुढ्यात ठेवली. पणतीच्या काठांवरून खिचडी शिगोशीग वर आली होती.

पंत पणतीकडे पाहत राहिले. "हे काय?"

"ढीग."

"हा ढीग?"

"दिसतोय ना? ताटात वाढली असती तर पातेलंभर लागली असती आणि तरी एवढीशी दिसली असती. पंत, तुम्हीच सांगितलंत."

"अरे मूर्खा!" पंत ओरडले. "दिसण्यावर पोट भरतं का? दिसण्यावर जाऊ नये. उचलून पाहावं! हाताला जड लागलं म्हणजे ते मोठं. समजलं?"

"समजलं, पंत. उचलून पाहावं."

गोंदूने ते ध्यानात ठेवले. ध्यानात ठेवण्यात तो कधी चुकत नसे.

पंतांनी मग पातेलेच पुढ्यात ओढले. पातेले रिकामे झाल्यावर त्यांचे डोळे जड झाले. ओसरीवर सतरंजीवर पाय पसरून, डोळे मिटून ते म्हणाले, "गोंद्या, उशी आण. मोठी बघून आण."

गोंदू माजघरात गेला. त्याने एकेक उशी उचलून पाहिली. एकही जड लागेना. लोड उचलून पाहिला. तोही हलका. मग तो स्वयंपाकघरात गेला. तिथे मसाला वाटायचा पाटा होता. तो त्याने उचलला आणि त्याच्या तोंडावर समाधान पसरले. पाटा ओसरीवर आणून त्याने अलगद पंतांच्या डोक्यामागे ठेवला.

"आणली?"

"आणली, पंत. घरात याहून मोठी नाही."

पंतांनी डोके सोडून दिले.

तो आवाज शेजारच्या आळीत ऐकू गेला. काकू धावत बाहेर आल्या. पंत दोन्ही हातांनी डोके धरून बसले होते.

"अरे गाढवा! पाटा? डोक्याखाली पाटा?"

"जड लागला."

"जड काय करायचंय! आधी दाबून पाहावं! दाबलं आणि मऊ लागलं म्हणजे चांगलं! एवढंही कळत नाही?"

"आता कळलं, पंत. मोठं आहे का ते उचलून पाहावं. चांगलं आहे का ते दाबून पाहावं."

गोंदूने तेही ध्यानात ठेवले.

इकडे ठकूबाई गप्प बसलेली नव्हती. देऊळ बांधणाऱ्या त्या सज्जनाचे वंशज शहरात राहत असत. रावसाहेब म्हणून लोक त्यांना ओळखीत. देवळाचा कारभार कुणाकडे असावा, हे ठरवण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. ठकूबाईने बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यांना निरोप धाडला. निरोप एवढाच होता: तुमच्या पणजोबांचा मोदक हरवलाय, येऊन शोधा.

रावसाहेबांनी उलट निरोप पाठवला, की येत्या संकष्टीला येतो.

पंतांची झोप उडाली. त्यांनी देऊळ धुऊन काढले, तोरणे बांधली. मोदक मोठा करावा असेही एकदा त्यांच्या मनात आले. पण कोठीतल्या ढेपांकडे पाहिले आणि ते मनातून गेले. बोलून निभावून नेऊ, असे त्यांनी ठरवले. आजवर निभावले होते.

संकष्टीच्या दिवशी त्यांनी गोंदूला बजावले, "आज येणारे गृहस्थ फार मोठे आहेत आणि फार चांगले आहेत. त्यांना गाडीतून नीट उतरवून घे. त्यांचा मोठेपणा ओळखून वाग."

"ओळखतो, पंत."

ऊन उतरताना रावसाहेबांची बैलगाडी देवळापुढे आली. गाव गोळा झाले होते. पंत हार घेऊन पुढे झाले. पण गोंदू त्यांच्याही पुढे झाला. त्याने रावसाहेबांना काखेत हात घालून गाडीतून उचलले आणि तसेच अधांतरी धरले. एकदा वर केले. एकदा खाली केले. पुन्हा वर केले. रावसाहेबांचे पागोटे एका कानावर आले.

"मोठे आहेत," गोंदूने पंतांना सांगितले. "पण फार नाहीत. गव्हाचं पोतं याहून मोठं असतं."

मग त्याने त्यांना जमिनीवर ठेवले आणि दोन्ही पंजांनी त्यांचे पोट दाबले.

"चांगले मात्र फार आहेत," तो म्हणाला.

पंतांच्या हातातला हार गळून पडला. "मूर्खा! नराधमा! हात काढ!"

रावसाहेबांनी पागोटे सरळ केले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. रागाने की हसण्याने, ते कळत नव्हते. "पंत, हा कोण?"

"गडी आहे, रावसाहेब. वेडा आहे. क्षमा असावी." मग गोंदूला बाजूला ओढून पंत दातओठ खात म्हणाले, "मोठ्यांना हात लावायचा नसतो! मोठं कुणी समोर आलं की वाकायचं. कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत वाकायचं! आणि देवाकडे पाठ करायची नाही, काही झालं तरी!"

"म्हणजे मोठं कुणी आलं की वाकायचं. आणि देवाकडे पाठ करायची नाही."

"हो! आणि तोंड बंद ठेव!"

गोंदूने तोंड बंद ठेवले. पण अंधार पडल्यावर पंतांनीच त्याला नेहमीप्रमाणे चंद्र सांगायला ओट्यावर उभे केले, तेव्हा त्याला वाटले की आता ते उघडायला हरकत नाही.

गणपतीचे तोंड उगवतीकडे होते. देवाकडे पाठ करायची नाही, म्हणून गोंदू देवाकडे तोंड करून, उगवतीला पाठ करून उभा राहिला. चंद्र उगवणार तो त्याच्या पाठीमागे. तो मान वळवून वळवून मागे पाहत होता. अखेर झोपड्यांमागून चंद्र आला. पुन्हा तसाच, परातीएवढा.

मोठे कुणी आले की वाकायचे. गोंदू वाकला. कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत वाकला. आणि स्वतःच्या दोन पायांमधून त्याला मागचा चंद्र दिसला.

"पंत!" तो तसाच ओरडला. "चंद्र आला! वाटीएवढा!"

"वाटीएवढा?" रावसाहेब चंद्राकडे पाहत म्हणाले. "अरे, चांगला परातीएवढा आहे की."

"उभ्यानं परातीएवढा आहे. वाकून वाटीएवढा आहे. मोठे लोक वाकून बघायचे असतात, पंतांनी सांगितलंय."

रावसाहेब जिज्ञासू होते. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, देवाला मनोमन क्षमा मागितली आणि पायांमधून मागे पाहिले. क्षणभराने ते उठले. पुन्हा वाकले.

"चमत्कार आहे! खरंच लहान दिसतो! पंत, पाहा बरं."

रावसाहेब वाकल्यावर गाव थोडेच उभे राहणार? पाटील वाकले, पाटलीणबाई वाकल्या, ठकूबाई काठी धरून वाकली. पंतांनाही वाकावे लागले. त्यांना ते सोपे गेले नाही. त्या दिवशी चंद्राने वर येऊन पाहिले तेव्हा सारे गाव त्याच्याकडे पाठ करून, डोके खाली घालून त्याचे दर्शन घेत होते. चंद्राला काय वाटले असेल, ते चंद्र जाणे.

"म्हणजे भास होता," रावसाहेब पाठ सरळ करीत म्हणाले. "उलटं पाहिलं की भास जातो."

"तेच मी सांगत असतो!" पंत धापा टाकीत म्हणाले. "सगळा डोळ्यांचा भास."

अर्घ्य झाले. रावसाहेबांना फार थांबवायला नको म्हणून पंतांनी आज आरतीआधीच मोदकांची परात आणवली. ओळीने एकेक मोदक हातावर पडू लागला. रावसाहेबांनी आपला मोदक पाहिला. त्यांनी मूठ मिटली. मोदक दिसेनासा झाला.

"पंत, मूठ मिटली तरी मोदक बाहेर दिसावा, असा आमच्या पणजोबांचा नेम होता ना?"

"तेवढाच आहे, रावसाहेब. परात मोठी आहे म्हणून लहान दिसतो. भास. आत्ताच आपण पाहिलंत."

रावसाहेब मूठ उघडून मोदक पुन्हा पाहू लागले. तोवर गोंदू आईपाशी गेला होता. सकाळपासून सगुणेच्या घशाखाली पाणी उतरले नव्हते. तिचे ओठ सुकले होते. तिच्या हातावर मोदक होता.

"आई, थांब. खाऊ नको. भास घालवतो."

त्याने मोदक ओट्यावर ठेवला. त्याच्याकडे पाठ केली आणि पायांमधून पाहिले. बराच वेळ पाहिले. उजवीकडून पाहिले, डावीकडून पाहिले. त्याचे तोंड रडवेले झाले.

"पंत, चंद्राचा भास गेला. मोदकाचा जात नाही. कसाही बघितला तरी सुपारीएवढाच आहे."

ओळीतल्या प्रत्येकाने आपापला मोदक पुन्हा पाहिला.

सगुणा आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती. ती हळू म्हणाली, "बाळा, तो दिसत नाही लहान. तो आहेच लहान."

"खरं बोलली!" ठकूबाईने काठी आपटली. "उपाशी माणसाच्या डोळ्याला भास हुईल, पोटाला न्हाई व्हत!"

रावसाहेब पंतांकडे वळले. "पंत, गुऱ्हाळांच्या पहिल्या ढेपा यंदा आल्या?"

"आल्या की."

"आणि एवढ्याशा मोदकांत संपल्या?"

"म्हणजे... गूळ पावसाळ्यात पाझरतो, रावसाहेब. मुंगळे खातात."

"देवळाची कोठी पाहू. आणि हरकत नसेल तर तुमच्या घरची पाहू."

पंतांची बोलून निभावण्याची सवय जुनी होती. "अवश्य! आपलंच घर आहे. फक्त आधी आरती होऊ द्या. देवाची आरती टाकून कसं जायचं?"

हे रावसाहेबांना मान्य झाले. ताम्हण आणण्याच्या निमित्ताने पंत खांबाआड गेले आणि त्यांनी गोंदूचा कान धरला.

"गोंद्या, नीट ऐक. घरामागच्या कोठीत ढेपांची रास आहे. फार मोठी दिसते. आरती संपायच्या आत ती लहान दिसेल असं कर."

"किती लहान?"

"होईल तितकी."

"दुसरीकडे नेली तर चालेल?"

"कुठेही ने! माझी गाडी घे, बैल घे, मसणात ने! पण जिथे सगळ्यात लहान दिसेल अशा जागी ठेव. तेवढं केलंस तर तुझ्या आईला उद्या मोठा मोदक देईन."

"मुठीबाहेर दिसणारा?"

"ओंजळीत न मावणारा! जा!"

गोंदू धावत सुटला. आईच्या मोदकाची गोष्ट होती. आज चूक करून चालणार नव्हते. धावता धावता त्याने आजवर ध्यानात ठेवलेले सगळे आठवले.

इकडे पंतांनी आरती सुरू केली. एक संपली की दुसरी धरली. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली. गावकऱ्यांचे हात टाळ्या वाजवून दुखू लागले. पंतांनी डोळे घट्ट मिटले होते आणि ते मनोभावे गात होते. इतक्या मनापासून त्यांनी देवाची आळवणी आजवर कधी केली नव्हती. देवळाबाहेर गाडीची चाके कुरकुरली. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, गेला, पुन्हा आला. टाळांच्या गजरात पंतांना ते ऐकू गेले नाही. इतरांना गेले. एकेक जण मागे वळून बाहेर पाहू लागला. टाळ्या विरळ झाल्या. मग थांबल्या. पंत एकटेच गात राहिले.

"पंत," खांद्यावर रावसाहेबांचा हात पडला. "डोळे उघडा."

पंतांनी डोळे उघडले आणि मागे वळून पाहिले.

देवळापुढे तो मोठा माळ होता. गावात त्याहून मोठी मोकळी जागा नव्हती. चंद्र वर चढला होता आणि माळभर चांदणे पडले होते. माळाच्या अगदी मधोमध, जिथे जवळपास झाड नाही, झोपडी नाही, दगडसुद्धा नाही अशा जागी, ढेपांची रास उभी होती. एका ढेपेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशी ती माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. आणि प्रत्येक ढेपेवर शेंदराचे बोट ओढलेले होते.

गोंदू घामाने निथळत देवळात आला. त्याचे तोंड आनंदाने फुलले होते.

"झालं, पंत! तुमच्या कोठीत छपराला टेकली होती, म्हणून फार मोठी दिसत होती. आता आणली मोकळ्यावर. शेजारी काही ठेवलं नाही. वर सगळं आभाळ. बघा, केवढीशी दिसते!"

सगळे त्या राशीकडे पाहत होते. गोंदूला वाटले, यांना अजून पटलेले नाही.

"कुणाला मोठी दिसत असेल तर वाकून बघा," तो म्हणाला.

पंत खरोखरच वाकले. ते रावसाहेबांच्या पायांवर पडले.

"माझ्या पाया पडू नका," रावसाहेब म्हणाले. "ज्याचा गूळ खाल्लात तो आत बसला आहे. आणि ज्यांच्या तोंडचा खाल्लात ते ओळीत बसले आहेत."

त्यानंतर निवाडा झाला. त्याला वेळ लागला नाही. कारभार पंतांकडून काढून पाटलांच्या हाती दिला. ढेपा देवळाच्या कोठीत गेल्या आणि ठकूबाईने कोठीच्या दाराशी आपले अंथरूण टाकले. पुढच्या संकष्टीला सगुणेच्या हातावर मोदक पडला, तेव्हा तिला दुसरा हात लावावा लागला. तिने अर्धा गोंदूला दिला, तरी दोघांचे पोट भरले. गोंदूने तो मोदक उचलून पाहिला, दाबून पाहिला, वाकूनही पाहिला. सगळीकडून तो तेवढाच होता.

राहिली पंतांची शिक्षा. रावसाहेब त्यांना तुरुंगात धाडू शकले असते, पण त्यांनी तसे केले नाही. त्यांनी पंतांना त्यांच्याच मापाने मोजले. दर संकष्टीला पंतांनी उजाडल्यापासून देवळात बसून उपास करायचा. तोंडात फराळ नाही, पाणी नाही, शेंगदाण्याचा दाणा नाही. चंद्र दिसला की ओळीच्या शेवटी बसायचे आणि एका मोदकावर उपास सोडायचा. तो मोदक त्यांनी आजवर इतरांना दिला त्याच मापाचा असेल, आणि देवळातल्या सगळ्यात मोठ्या परातीत वाढला जाईल.

वाढण्याचे काम गोंदूकडे आले. ही शिक्षेतली शिक्षा होती, हे रावसाहेबांनाही ठाऊक नव्हते. पंत दिवसभराच्या उपासाने काळवंडलेल्या तोंडाने बसत. समोर भली थोरली परात येई. तिच्या मधोमध सुपारीएवढा मोदक असे. पंत त्याच्याकडे पाहत राहत, आणि गोंदू त्यांच्या कानाशी वाकून, अगदी मनापासून, त्यांना धीर देई:

"लहान नाही हो, पंत. परात मोठी आहे."